चिपला बांधलेला झेंडूचा दोरा

आमच्या पहिल्या मोठ्या विजयाने माझ्या बहिणीचा कॉम्प्युटर बंद पाडला. हे मी कुठल्याच पत्रकात छापलं नाही, म्हणून इथे लिहिते आहे.

मागणी बरोबर होती, हे आधीच सांगून टाकते. तेव्हा नाशिकमध्ये लोडशेडिंगचं वेळापत्रक असायचं आणि मखमलाबाद नाक्याच्या पुढे, आमच्या मळ्यांच्या बाजूला, लाइट जायची ती ऐन संध्याकाळी. स्वयंपाकाची वेळ तीच, पोरांच्या अभ्यासाची तीच, आणि दुसऱ्या दिवशीच्या बाजारासाठी झेंडू-शेवंती निवडून हार ओवायची वेळही तीच. कंदिलाच्या उजेडात किडकं फूल हारात जातं आणि सकाळी गंगेवरच्या, म्हणजे गोदाकाठच्या, बाजारात गिऱ्हाईक नेमकं त्याच फुलावर बोट ठेवतं. आमचं म्हणणं साधं होतं. लाइट घालवायचीच असेल तर दुपारी घालवा, तेव्हा उजेड फुकट असतो. हे वाक्य माझं. पत्रकाच्या मथळ्यात होतं. मला ते अजूनही आवडतं.

मी कॉलेजात होते आणि कॉलेजात कमी, मोर्चात जास्त असायचे. पत्रकं मी लिहायचे. ती कॉम्प्युटरवर जुळवायची ताई.

ताई माझी मोठी बहीण. नांदगावला दिलेली. एका दिवाळीला चार दिवस म्हणून माहेरी आली आणि परत गेली नाही. तिला तिथे कुणी मारत नव्हतं, म्हणून तिचं कारण कुणालाच पटत नव्हतं. आपल्याकडे बाईने परत यायचं तर अंगावर वळ लागतो. वळ नसेल तर "काय कमी होतं तुला तिथे?" असं विचारतात, आणि ताईला त्याचं उत्तर देता यायचं नाही. मला एकदाच म्हणाली, "तिथे मी दिवसभर बोलले नाही ना, तरी कुणाच्या लक्षात यायचं नाही गं." पुन्हा तो विषय तिने काढला नाही.

वडील गेल्यापासून घरातलं शेवटचं बोलणं मोठ्या काकांचं असायचं. काका वाईट माणूस नव्हते. मी त्यांना मनातल्या मनात पत्रकाच्या भाषेत बरंच काही म्हणायचे, ते सोडा. त्यांनी एक मुदत घालून दिली होती. उन्हाळ्यात त्यांच्या मुलाचं लग्न होतं. तोवर ताईने राहावं, स्वतःच्या पायावर काही उभं राहतंय का बघावं. राहिलं तर ठीक. नाहीतर लग्नाला नांदगावची मंडळी येणारच होती, त्यांच्या गाडीत बसून परत जावं. मला हे ऐकून संताप आला होता. ताईला नाही आला. ती म्हणाली, मुदत तर दिली ना.

लग्नाआधी तिने डीटीपी शिकून घेतलं होतं. ओळखीच्या दुकानातून तिने एक वापरलेला कॉम्प्युटर घेतला आणि फुलं निवडायच्या खोलीत, पोत्यांच्या शेजारी, टेबलावर मांडला. पंचवटीतले छापखानेवाले तिला लग्नपत्रिका द्यायला लागले. ताई सुरेख जुळवायची. गणपती कुठे, मुहूर्ताची चौकट कुठे, 'आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं' ही चिमुकल्यांची ओळ किती बारीक, याचं तिला एक वजन कळायचं. हाराचं कळतं तसंच ते, असं मला वाटतं, पण ती म्हणायची की उगाच काव्य करू नकोस.

त्या वर्षी पत्रिकेवर नवरा-नवरीचे फोटो छापायची टूम निघाली. फोटोंनी तिची डिस्क भरली. तिने मोठी डिस्क आणली तर मशीनमधला मुख्य बोर्ड ती ओळखेचना. दुकानदार म्हणाला, बोर्ड जुना आहे, त्याचा बायोस अपडेट करा. त्याने फ्लॉपी भरून दिली.

बायोस म्हणजे काय ते मला ताईने सांगितलं तसंच सांगते. मशीन सुरू केलं की पहिल्या क्षणी त्याला काहीच माहीत नसतं. बोर्डावर अंगठ्याएवढी एक चिप असते, तीत लिहिलेलं असतं की तू कोण, तुझा कीबोर्ड कुठे, तुझी डिस्क कुठे. ते वाचूनच मशीन जागं होतं. अपडेट करणं म्हणजे चिपमधलं जुनं पुसून नवीन लिहिणं. आणि पुसून झालंय, लिहून व्हायचंय, अशा मधल्या वेळात लाइट गेली तर संपलं. दुकानदाराने एवढी एकच गोष्ट बजावली होती. लाइट जाणार नाही अशा वेळी करा. यूपीएस होता, पण रोजच्या लोडशेडिंगने त्याची बॅटरी बसली होती. लाइट गेली की तो एक शिट्टी मारायचा आणि तिच्या मागोमाग जायचा.

ताईने दुपारची वेळ निवडली. का? तर भिंतीवर वेळापत्रक चिकटवलेलं होतं. आमच्याच पत्रकाच्या मागच्या बाजूला आम्ही ते छापलं होतं, लोकांना कळावं म्हणून, आणि तिनेच ते जुळवलेलं होतं. त्यात आमच्या भागाला दुपारी लाइट होती.

त्याच दुपारी आम्ही उपकेंद्रावर होतो. मी, कॉलेजची चार टाळकी, आणि मळ्यांतल्या बायका, रिकाम्या पाट्या घेऊन. तिथल्या इंजिनिअर साहेबांवर मी तोवर पत्रकांमागून पत्रकं काढली होती. एकात त्यांना 'अंधाराचा सुभेदार' म्हटलं होतं. प्रत्यक्षात ते किरकोळ अंगाचे, डोळ्यांखाली काळं आलेले गृहस्थ होते. सगळं ऐकून घेऊन शेवटी म्हणाले की संध्याकाळचं लोडशेडिंग दुपारी फिरवता येईल, सोमवारपासून करू.

आता आम्हाला चळवळीत पहिला धडा काय मिळाला होता, तर साहेब जेव्हा 'उद्या' म्हणतो तेव्हा तो 'नाही' म्हणत असतो. त्यामुळे मी म्हणाले, "सोमवार नाही. आजपासून."

ते म्हणाले, "आज संध्याकाळी हवी असेल तर मला आत्ता घालवावी लागेल."

"मग घालवा," मी म्हणाले. "आत्ता घालवा. आम्ही इथेच उभ्या आहोत."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, फोन उचलला आणि आतल्या माणसाला दोन वाक्यं सांगितली. त्यांच्या डोक्यावरचा पंखा हळू होत होत थांबला. लाइट गेल्याबद्दल टाळ्या वाजवणारा मोर्चा त्या उपकेंद्राने त्याआधी पाहिला नसेल.

मी पेढे घेऊन घरी आले. ताई काळ्या पडद्यासमोर बसली होती. दोन्ही हात मांडीवर होते. म्हणाली, "आज दुपारी लाइट गेली."

मी म्हणाले, "आमच्यामुळे."

मग मला टेबलावरची फ्लॉपी दिसली.

संध्याकाळी, ठरल्याप्रमाणे, लाइट होती. आमच्या वस्तीत घराघरांत ट्यूबलाइट लागल्या होत्या, बायका ओट्यावर बसून उजेडात फुलं निवडत होत्या आणि मला दारातून हाका मारून शाबासकी देत होत्या. आमच्या खोलीत ताई बटण दाबत होती. आतला पंखा फिरायचा, हिरवा दिवा लागायचा, पडदा मात्र काळाच. सुरू होताना ते मशीन 'पीक' असा एक आवाज करायचं. तोही नाही.

आईने विचारलं, "आतलं काय गेलं?"

"काहीच गेलं नाही आई," ताई म्हणाली. "स्वतःला विसरलाय."

मला ती एक शब्द बोलली नाही. उलट म्हणाली, तुमची मागणी बरोबरच होती. तिने मला दोन लगावल्या असत्या तर मला जेवण तरी गेलं असतं. काम सगळं डिस्कवर सुरक्षित होतं, पण आमच्याकडे दुसरं मशीन नव्हतं, त्यामुळे बोर्ड उठल्याशिवाय त्याच्यापर्यंत पोचायला वाटच नव्हती. छापखानेवाले थांबणारे नव्हते, लग्नाचे मुहूर्त कुणासाठी थांबतात? आणि त्यातच काकांच्या मुलाचीही पत्रिका होती, अर्धवट जुळवलेली. येत्या बुधवारी प्रूफ बघायला येतो, असं काका सांगून गेले होते. बंद पडलेल्या मशीनसमोर बसलेली ताई त्यांनी पाहिली की नांदगावचा निर्णय तिथेच लागणार होता. हे आम्हा तिघींनाही कळत होतं.

दुकानदाराने बोर्ड बघितला आणि फेकून द्या म्हणाला. तसला आता मिळत नाही. नवा घ्यायचा तर त्याच्यावरचं सगळंच नवं घ्यावं लागेल. माझं डोकं सटकलं. मी त्याला विचारलं, माणूस बेशुद्ध पडला तर तुम्ही काय करता, नवा आणता? अपडेट करा म्हणून सांगणारे तुम्हीच, आणि फेका म्हणणारेही तुम्हीच? दुकानात गिऱ्हाइकं होती. ताईने मला बाहेर पाठवलं. मी बाहेर उभी राहिले आणि ती आत त्याच्याशी हळू आवाजात बोलत राहिली. बाहेर आली तेव्हा तिला बरंच काही कळलेलं होतं.

उपाय एक होता, पण दुकानदार त्याला हात लावायला तयार नव्हता. अगदी असाच दुसरा बोर्ड असलेलं चालू मशीन हवं. ते त्याच्या चांगल्या चिपवर सुरू करायचं. मग चालू असतानाच, लाइट न घालवता, ती चिप वर उचलायची, तिच्या जागी आपली मेलेली चिप बसवायची आणि मशीनकडून तिच्यात लिहून घ्यायचं. एकदा जागं झालेलं मशीन तेवढा वेळ चिपशिवाय तग धरतं. उचलताना चिप वाकडी झाली, पाय कुठे भलतीकडे टेकला, तर मात्र दोन्ही बोर्ड जायचे. असा बोर्ड दुकानदाराने आणखी एकाच गिऱ्हाइकाला दिल्याचं त्याला आठवत होतं. देवळाली कॅम्पात राहतात ते वीजवाले साहेब. मुलीसाठी नेला होता.

"कोण साहेब?" मी विचारलं.

"तुझा सुभेदार," ताई म्हणाली.

रविवारी जायचं ठरलं. तोवर ताईने सायबर कॅफेत बसून त्या उपायाबद्दल मिळेल ते वाचलं आणि घरी आपल्या मेलेल्या बोर्डावर चिप काढायचा सराव सुरू केला. पहिल्यांदा स्क्रूड्रायव्हरने उचकटली तर एक पाय वाकला. तो तिने चिमट्याने हळूहळू सरळ केला. आई पोत्यावर बसून हे बघत होती. म्हणाली, "असं उचकटून नाय यायचं ते. दोन्ही बाजूनी एकदम वर आलं पायजे. थांब." तिने हार ओवायचा दोरा घेतला, चिपच्या दोन्ही टोकांखालून सरकवला आणि वर दोन लांब फासे बांधले, तोरणाला बांधते तसे. आता दोन्ही फासे सारखे ओढले की चिप सरळ वर यायची. ताईने वाचलेल्या कागदांतही असंच काहीतरी सुचवलेलं होतं, पण दोरा कुठला घ्यायचा ते त्यात नव्हतं. आमच्याकडे दोऱ्याला तोटा नव्हता.

निघताना ताईने मला दारात थांबवलं. "आज बहीण म्हणून चल. पत्रकं घरी ठेव."

शालिमारहून कॅम्पाची बस धरली. ताईच्या मांडीवर डबा होता, डब्यात कापसावर चिप, आईच्या फाशांसकट. मी खिडकीतून बघत मनात भाषण जुळवत होते. साहेब नाही म्हणाले तर त्यांना काय काय सुनवायचं, याची माझी तयारी पूर्ण होती. हो म्हणाले तर काय बोलायचं, याची काहीच नव्हती.

दार साहेबांनीच उघडलं. घरात ते लुंगीवर होते. मला बघून त्यांनी रस्त्याकडे नजर टाकली, मागे मोर्चा आहे का ते पाहायला. मोर्चा नाही, सोबत फक्त बहीण आहे म्हटल्यावर आत घेतलं. त्यांच्या बायकोने पाणी आणलं. ताईने सगळं सांगितलं. दुपारची लाइट कशी गेली, ते सांगताना तिने माझं नाव घेतलं नाही आणि त्यांचंही नाही. नुसतं "अचानक वेळ बदलली" म्हणाली. साहेब माझ्याकडे बघत होते. त्यांना आठवलं होतं.

"सोमवारपासून म्हणत होतो मी," ते म्हणाले.

मी समोरचं पाणी पिऊन टाकलं. बसमधलं भाषण त्याच्याबरोबर खाली गेलं.

मग त्यांनी कोपऱ्यातल्या टेबलाचा खण उघडून आमची पत्रकं बाहेर काढली. सगळी होती. 'सुभेदार'वालं वर काढलं. "हे लिहिलं कुणी ते मला माहितेय. जुळवलं कुणी?"

"मी," ताई म्हणाली.

"मजकूर शिवराळ आहे," ते म्हणाले, "पण छपाई सुबक आहे. माझ्या नावाच्या दोन्ही बाजूंना फुलं काढलीत तुम्ही."

"सगळ्यांच्याच नावाला काढते," ताई म्हणाली. "लग्नपत्रिकांची सवय."

त्यांची बायको आतून हसली. साहेबही हसले असावेत, पण त्यांचा चेहरा त्यासाठी बनलेला नव्हता. मग त्यांनी विचारायला हवं होतं तेच विचारलं. मशीन मुलीचं आहे, ती पुण्याला कॉलेजात आहे, सुट्टीला येईल. आमचं बिघडलं तर?

माझ्याकडे उत्तर तयार होतं. लोकांच्या पोटापाण्याचा प्रश्न, अधिकाऱ्यांचं उत्तरदायित्व, असं सगळं. ताई म्हणाली, "बिघडू शकतं साहेब. मी हे आधी कधी केलेलं नाही. सराव केलाय, पण चालू मशीनवर नाही."

त्यांनी कापडाखालच्या मशीनकडे पाहिलं. बायकोने आतून, भांड्यांच्या आवाजात, म्हटलं, "अहो, करू द्या की त्यांना." तरी ते उठले नाहीत. मग त्यांनी विचारलं, "नाही झालं तर काय करणार तुम्ही?"

"नांदगावला जाईन," ताई म्हणाली.

नांदगाव म्हणजे काय, ते त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. पण ताईने ज्या आवाजात ते सांगितलं त्यावरून त्यांना कळलं असावं. ते उठले आणि कॉम्प्युटरवरचं भरतकाम केलेलं कापड काढून त्यांनी घडी घातली.

लाइटचा प्रश्न उरला होता. त्यांनी सांगितलं की त्यांची गल्ली दवाखान्याच्या लाइनवर आहे, त्यामुळे इकडे दुपारी जात नाही. हे ऐकताच माझ्या आत मथळा तयार झाला. सुभेदाराच्या घरी अखंड दिवाळी. मी तोंड उघडलं आणि ताईने टेबलाखाली माझ्या पायावर पाय दिला. दवाखान्यासाठी लाइट हवीच, आणि शेजारच्या घरांना ती आपोआप मिळते, हे मला त्या क्षणीही कळत होतं. पण कळणं वेगळं आणि मथळा सुचणं वेगळं.

साहेब म्हणाले, उपकेंद्रात फोन करून सांगून ठेवतो, तासभर या लाइनला कुणी हात लावू नका म्हणून. हा सरळसरळ वशिला होता. अशा फोनांवर मी पानंच्या पानं लिहिली आहेत. आणि मी, देवाशपथ सांगते, त्या दिवशी मनातून म्हणत होते की करा, लवकर करा.

ताई म्हणाली, "सांगू नका साहेब. नुसतं विचारा, आज कुठे काम काढलंय का. काढलं असेल तर आम्ही पुढच्या वेळी येऊ."

पुढची वेळ नव्हती. बुधवारी काका येणार होते. तरी ती असं म्हणाली. साहेबांनी फोन लावला, विचारलं, ठेवला आणि सांगितलं की नाही, आज काही नाही.

ताईने मशीन उघडलं. बंद असतानाच त्यांची चांगली चिप सैल केली, आईसारखे फासे बांधले आणि हलकेच परत टेकवली. फ्लॉपी घातली. मशीन सुरू झालं, काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं आली. आता पुढचं पाऊल उचलायचं होतं. ताईने फासे हातात घेतले आणि थांबली. दोन फासे, दोन हात, पण मेलेली चिप धरायला तिसरा हात हवा होता. घरी सराव करताना मशीन बंद असायचं, त्यामुळे घाई नव्हती आणि तिसऱ्या हाताचं तिच्या लक्षात आलं नव्हतं.

"इकडे ये," ती मला म्हणाली. "तू एक टोक धर."

लहानपणी दसऱ्याला आम्ही दोघी मळ्यातून घरापर्यंत झेंडूचं तोरण आणायचो. ते आमच्याहून कितीतरी लांब असायचं. एका टोकाला ती, एका टोकाला मी, आणि मधला भाग जमिनीला लागू द्यायचा नाही. आई मागून ओरडायची, दोघींनी एकदम उचला. मी नेहमी आधी उचलायचे आणि तोरण तिच्या बाजूला लोळायचं. मग ती काही न बोलता माझ्या उंचीला यायची.

"तू आधी उचलू नकोस," ताई म्हणाली. तिलाही तेच आठवत होतं.

मी उचललं नाही. तिच्या हाताकडे बघत राहिले, तिचा हात हलला तेव्हा माझा हलला. चिप सरळ वर आली, दोऱ्यावर झुलत. मशीन चालूच होतं, पडद्यावरची अक्षरं तशीच. ताईने फासा माझ्याकडे दिला, डब्यातली चिप घेतली, तिची खाच बघितली, पुन्हा बघितली, बसवली, अंगठ्याने दाबली. मग कीबोर्डवर एक अक्षर दाबलं.

पडद्यावर एक पट्टी हळूहळू भरायला लागली. मी दोऱ्याला लटकलेली दुसऱ्याची चिप हवेत धरून उभी होते, हात खाली न्यायची हिंमत होत नव्हती. साहेब पडद्याकडे बघतच नव्हते. ते मान वर करून ट्यूबलाइटकडे बघत होते. पट्टी भरेपर्यंत त्यांनी ट्यूबवरून नजर काढली नाही. सगळ्या नाशिकची लाइट घालवणारा माणूस दोन्ही हात पाठीमागे बांधून एका ट्यूबलाइटची राखण करत होता, आणि मला त्याच्यावर एकही ओळ सुचत नव्हती.

पट्टी भरली. ताईने मशीन बंद केलं, चिपांची अदलाबदल केली आणि आधी त्यांचं मशीन सुरू करून दाखवलं. पीक. मुलीने ठेवलेलं मांजराचं चित्र पडद्यावर आलं. मग साहेब खाली बसले आणि बायकोला म्हणाले, पोहे कर.

घरी आमची चिप बसवताना आई देवासमोरचा दिवा लावायला गेली आणि लावता लावता थांबली, कारण तेवढ्यात खोलीतून तो आवाज आला. पीक. मशीनने ताईला पहिला प्रश्न विचारला तो तारखेचा. सगळं विसरल्यामुळे ते कुठल्यातरी जुन्या वर्षाच्या एक जानेवारीला जागं झालं होतं. ताईने आजची तारीख भरली. मग पदर तोंडाला लावून थोडी रडली आणि कामाला बसली.

बुधवारी काका आले. चष्मा पुसून प्रूफ वाचायला बसले. त्यांनी आधी दोन चुलत आजोबांची नावं वरखाली केली, मग एका मामांना घातलं, मग त्या मामांच्या शेजारी त्यांच्याशी भांडण असलेले दुसरे मामा नकोत म्हणून सगळी ओळ हलवली. पत्रिका म्हणजे घराण्याची हजेरी, त्यात कुणी चुकायचं नाही आणि कुणाच्या शेजारी कुणी यायचं नाही. शेवटी घरातल्या लेकींची ओळ आली. प्रत्येक लेकीच्या नावापुढे कंसात सासरचं गाव. कुणी ओझर, कुणी कळवण. ताईच्या नावापुढे नुसता रिकामा कंस होता.

काकांचं बोट तिथे थांबलं. "हा रिकामा का?"

"तुम्ही सांगाल ते टाकते," ताई म्हणाली.

माझ्या घशात एक अख्खं पत्रक येऊन उभं राहिलं. पण माझा पाय ताईच्या पायाजवळच होता, आणि मी तो स्वतःच तिच्या पायाखाली सरकवला.

काकांनी खोली बघितली. पोती, टेबल, छापखान्यांची पाकिटं, भिंतीवरचं जुनं वेळापत्रक. त्यांना मशीन बंद पडल्याचं माहीत नव्हतं आणि आम्ही सांगितलंही नाही. चष्मा काढत ते म्हणाले, "कंस काढून टाक." मग उठताना, पाठ वळवल्यावर म्हणाले, "आणि पत्रिकेच्या खाली, कोपऱ्यात, बनवणाऱ्याचं नाव बारीक असतं ना? तिथं टाक तुझं. पत्ता पण टाक इथलाच. लोकांना कळाया पायजे, कुठं यायचं ते."

ताईने कंस पुसला. पुढची नावं थोडी अलीकडे सरकली.

त्यानंतरच्या आमच्या पत्रकात एक नवं कलम आलं. वेळापत्रक बदलायचं असेल तर एक दिवस आधी कळवा. बैठकीत काहींना ते मवाळ वाटलं. वाटू दे. साहेबांनी ते लगेच मान्य केलं आणि मला विचारलं, "आजपासून?" मी म्हणाले, उद्यापासून चालेल.

लग्नाला नांदगावची मंडळी आली, जेवली आणि त्यांच्या गाडीत बसून गेली. ताई तेव्हा मांडवात पानं वाढत होती. तिने साहेबांनाही पत्रिका पाठवली होती, नावाच्या दोन्ही बाजूंना फुलं काढून. ते बायकोला घेऊन आले. मुहूर्त संध्याकाळचा होता. मंगलाष्टकं सुरू व्हायच्या आधी मी त्यांच्याजवळ जाऊन हळूच विचारलं की आत्ता लाइट जाणार नाही ना. त्यांनी डोक्यावरच्या दिव्यांच्या माळेकडे बघितलं.

"तुमचंच वेळापत्रक आहे," ते म्हणाले.

आईने बांधलेला तो दोरा ताईने आमच्या चिपवरून कधी काढला नाही. कॅबिनेट पुसायला उघडलं की तो दिसतो, धुळीने काळपट झालेला, दोन्ही फासे तसेच. काप की तो, मी म्हणते. ती म्हणते, असू दे.